गयामायची वाटी

आमच्या सध्याच्या घरमालकांची तक्रार मोबाईलवर येते. सगळ्या भाडेकरूंचा एक ग्रुप आहे, त्यात ते लिहितात, 'दुपारच्या वेळी आवाज होणार नाही याची संबंधितांनी दक्षता घ्यावी.' खाली हात जोडल्याचं चित्र. मालक राहतात आमच्याच डोक्यावर. साधी हाक मारली तरी ऐकू येईल एवढ्या अंतरावरून हा निरोप येतो, आणि 'संबंधित' म्हणजे आपणच असं धरून मी शिलाई मशीनवरचा पाय उचलते. अर्धवट ब्लाउज हातात धरून बसले की मला मानवतची आमची घरमालकीण गयामाय आठवते. गयामाय आठवली की तिच्या पाठोपाठ मंगल आठवते, आणि एवढा काळ गेला तरी पोटात थोडं जळतंच.

माझं माहेर-सासर दोन्ही कुडाळच्या बाजूला. आठवीनंतर शाळा सुटली, शिवण शिकले, तेवढीच विद्या. नवरा मोबाईलच्या टॉवरच्या देखभालीच्या कामावर, म्हणून कंपनी नेईल तिकडे बिऱ्हाड न्यायचं. मराठवाड्यात आलो तेव्हा आधी परभणीत खोली घेतली होती. तिथल्या मालकांनी मशीनच्या आवाजावरून खोली खाली करायला लावली. त्यांच्या घरात आजारी माणूस होतं, त्यांना तरी काय बोलायचं! पण तेव्हापासून मला आवाजाची अशी धास्ती बसली की कुकरची शिट्टी होण्याआधीच मी गॅस बंद करायची. मानवतला सामान उतरवलं तेव्हा मशीन चादरीत गुंडाळून आणलं होतं. कुणी विचारलं तर छोटं कपाट आहे म्हणायचं, असं मी नवऱ्याला बजावून ठेवलं होतं.

कुणी विचारलं नाही. गयामाय जिन्याच्या पहिल्या पायरीवर सूप घेऊन तूर निवडत बसली होती. ती पायरी म्हणजे तिची कचेरी. निवडणं, टिपणं, सोलणं, आल्यागेल्याची चौकशी, सगळं तिथेच. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथे दोरा बांधून तो कानात अडकवलेला. तिचे यजमान जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. ते गेल्यापासून खाली ती एकटीच राहायची. दारातून आत पाहिलं की समोर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्या शेजारी गुरुजींचा, दोघांच्याही काचा रोज पुसलेल्या. वर दोन बिऱ्हाडं. पुढची खोली बैठकीच्या बरोबर वर, मागची तिच्या झोपायच्या खोलीवर. आम्हाला मागची मिळाली.

"लेकरं हायेत का?"

"अजून नाहीत."

"टीव्ही?"

"नाही."

"भांडता का?"

नवरा हसायला लागला. मी घाईघाईने म्हटलं, "आमचा आवाजच येणार नाही हो मावशी."

तिने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आवाजच यायचा न्हाई म्हंता? बरं. बघा, जमतंय का." आणि परत तुरीत मान घातली.

मी जमवलं. मशीनच्या पायाखाली बारदानाच्या घड्या घातल्या. खाली टीव्ही चालू असला की शिवायचं, बंद झाला की थांबायचं. गयामायला कमी ऐकू येत नव्हतं, पण टीव्ही ती साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा लावायची, त्यामुळे माझं बरंच काम उरकायचं. खोलीत मी चवड्यावर चालायची. नवऱ्याला शिंक आली तरी मी त्याच्याकडे रागाने बघायची.

आणि पुढच्या खोलीत मंगल होती.

मंगल पालमकडची. लहानपण शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे वस्तीवरच्या घरात गेलेलं, तिथे हाक मारायची तर दोन शेतं ओलांडून, त्यामुळे आवाज लहान करायची सवयच नाही. नवरा टेम्पो चालवायचा, तीन पोरं होती आणि तिन्ही पोरांना चालणं माहीत नव्हतं, नुसतं पळणं. माहेरी फोन लावला की गयामाय खालून म्हणायची, "मंगले, फोन ठेव की खाली. पालमला तसंच जायलंय ऐकू!" बाज ओढल्याचा आवाज, पत्र्याच्या डब्याचा आवाज, पोरांच्या गोट्या फरशीवर सांडल्याचा आवाज. मला वाटायचं, आज यांना काढणार. आज नक्की.

पहिल्या आठवड्यातच असा एक धडाका झाला. मी माझ्या खोलीत जीव मुठीत धरून उभी. खालून हाक आली, "मंगऽऽले! वाटी ने गंऽऽ!"

मंगल धाडधाड खाली गेली. मी कठड्यावरून हळूच वाकून बघितलं. पितळेची वाटी, आतून कल्हई केलेली, काठाला एक पोचा आलेला. वाटीत अंबाडीची भाजी, वर लसणाची लालसर फोडणी, करडईच्या तेलाचा वास माझ्यापर्यंत आला. मंगल पायरीवर बसून तिथेच खायला लागली आणि गयामाय तिच्या गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी बोलत होती. माझी आईसुद्धा मला असं कधी बसवून खाऊ घालत नव्हती. संध्याकाळी तीच वाटी मंगल परत घेऊन गेली, तिच्यात शेंगदाण्याचा लाडू.

मग हे रोजचंच दिसायला लागलं. कधी येसराची आमटी, कधी तिळाची चटणी, कधी नुसता गूळ-शेंगदाणा. वाटी वर जायची, भरून खाली यायची. माझ्या दाराशी कधी नाही. बुद्ध पौर्णिमेला खीर आली, पण ती स्टीलच्या वाटीत, आणि सगळ्या गल्लीला आली. सणाची वाटी ती. ती मोजत नाहीत. शिवाय मंगलला ती 'तू' म्हणायची, 'मंगले' म्हणायची, वेळेला 'भवाने'सुद्धा. मला 'तुमी'. आणि दुसऱ्या कुणाला सांगताना 'मागच्या बाई'. नंदा हे माझं नाव तिच्या तोंडी कधी आलं नाही.

शेवटी एकदा गच्चीवर कपडे वाळत घालताना मी मंगलला म्हटलं, "माय तुमच्यावर फार जीव लावते." बोलताना आवाज चांगला ठेवला होता मी, तरी तिला काहीतरी कळलं असावं. ती एवढी हसली की खालच्या गल्लीतली बाई वर बघायला लागली.

"जीव? आगं बाई, ती वाटी म्हंजे नोटीस हाय! लय कालवा झाला की वाटी येती. बसा म्हंती, खा म्हंती, आन् तोंडात घास गेला की सुरू. 'पोरायला चपला घालून नाचू देऊ नको, माझ्या डोस्क्यावर माती पडायली.' आता तोंडात भाकर, तिला उलटं काय बोलावं? आन् रिकामी वाटी परत देता येती का? मग आपुन कायतरी घेऊन जायाचं, की पुन्हा बसा, पुन्हा ऐका!"

गयामायची ती रीतच होती. "तोंडात घास असला की माणूस वाकडं बोलत न्हाई, आन् खाऊ घालणाऱ्याला बी वाकडं बोलवत न्हाई," असं ती म्हणायची. नियम दोन्हीकडून चालायचा. एकदा मंगल स्वतःच वाटी भरून खाली उतरली, भरल्या वांग्याची भाजी घेऊन. "माय, बसा. खा."

गयामायने घास घेतला.

"थोरल्याची परीक्षा हाय. तुमच्या टीव्हीनं त्याच्या डोस्क्यात सासू-सुनाच शिरायल्यात."

गयामाय घास चावत राहिली, गिळला, बोट चाटलं. "वांगं झकास झालंय," म्हणाली, आणि उठून टीव्हीचा आवाज कमी केला. परीक्षा होईपर्यंत तो कमीच राहिला. त्या दिवसांत माझं शिवणाचं काम तुंबलं, ते वेगळं.

वाटी म्हणजे तक्रार हे कळल्यावर माझा जीव निवायला पाहिजे होता. आपली तक्रारच नाही, म्हणून वाटी नाही. मी कॅलेंडरवरच्या देवाला लाख वेळा हात जोडायला हवे होते. पण झालं उलटंच. आधी वाटायचं मंगलचं कौतुक होतं. आता कळलं की मंगल तिला छळते, आणि छळूनसुद्धा तिला हे मिळतं. खालून 'मंगऽऽले' अशी हाक आली की माझा हात मशीनच्या चाकावर थांबायचा. ती हाक अशी लांबत वर यायची, जिन्याच्या वळणावर जरा थबकायची आणि माझ्या दारावरून पुढच्या खोलीत जायची.

उन्हाळ्यात गयामायचा मुलगा आनंद पुण्याहून आला. माणूस सरळ, आईची काळजी असलेला. पोरांचा दंगा बघून त्याने नियमांचा एक कागद छापून आणला आणि जिन्याच्या भिंतीवर चिकटवला. दुसऱ्याच दिवशी गयामायने त्याच कागदात मंगलला हळद बांधून दिली. आनंद जायच्या आदल्या दिवशी बैठकीत मायलेकांचं बोलणं चाललेलं मी ऐकलं. मी नळावरून पाण्याची कळशी घेऊन जिना चढत होते.

"आई, त्या पालमवाल्यांना काढ. तुला दुपारची झोप नाही मिळत."

"मंगलीला काढू? मग मी भांडू कोनासंग?"

"बरं, मग मागचे काढ. मला यायला-जायला वर एक खोली लागतेच. त्यांचं असून नसून सारखंच आहे."

मी पायरीवर उभी राहिले. कळशी कमरेवर तशीच. ज्यासाठी एवढे दिवस चवड्यावर चालले, त्याचा हा हिशेब झाला होता. असून नसून सारखंच! गयामाय बोलायला लागली. एका शब्दात नाही, चांगली दोन-तीन वाक्यं बोलली ती. पण नेमका त्याच वेळी मंगलच्या मधल्या पोराने वरून पत्र्याचं रिकामं पिंप सोडलं, आणि ते प्रत्येक पायरीवर आपटत, माझ्या अंगावर येता येता चुकलं आणि खाली दारात जाऊन पडलं. पाणी सांडलं. कानात नुसता पत्रा. तो थांबेपर्यंत खालून "मंगऽऽले!" सुरू झालं होतं, आणि गयामाय हसत होती.

माझ्याबद्दल ती काय बोलली ते मंगलच्या पोराने गिळलं. मंगलने माझी तेवढीही वाटी घेतली, असं मला तेव्हा वाटलं.

आनंद पुण्याला गेला. खोली खाली करा असं आज सांगतील, उद्या सांगतील, मी वाट बघत होते. नवरा म्हणाला, "विचार ना सरळ." विचारलं आणि हो म्हणाली तर? त्यापेक्षा मी दुसरंच ठरवलं. आपण इथे आहोत एवढं तरी तिला कळायला पाहिजे. वाटी यायला पाहिजे. मग ती तक्रारीची असो, खोली सोडायच्या निरोपाची असो, मी ती पायरीवर बसून खाईन.

आधी ताट पाडायचं ठरवलं. ताट हातात घेतलं, आणि खाली जाजम अंथरलं आहे ना ते बघून घेतलं! तेव्हा कळलं की हे आपल्याला जमायचं नाही. मग बारदान काढलं. मशीनचे पाय उघड्या फरशीवर ठेवले आणि भर दुपारी, खाली टीव्ही बंद, गयामायची झोपायची वेळ, अशा वेळी गोधडीच्या जाड कडा शिवायला घेतल्या. फरशी थरथरत होती, बाटलीतलं पाणी थरथरत होतं. माझा एक कान जिन्याकडे.

हाक आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सगळा आठवडा मी तसंच शिवलं. मंगलला त्यात एकदा वाटी गेली, कशासाठी ते मला कळलंही नाही. पोरं तर गावाला गेली होती.

मग एका दुपारी गयामाय वर आली. ती कधी वर यायची नाही, गुडघे धरायचे. भिंतीला हात लावत, पायरीपायरीवर थांबत आली आणि माझ्या दारात उभी राहिली. मी आधी तिच्या हाताकडे बघितलं. हात रिकामे होते.

"बसू द्या जरा." खाटेवर बसली, श्वास घेतला, मशीनकडे बघितलं. "किती दिसाची मशीन हाय ही?"

"आधीपासूनची आहे, माय." मी खरं सांगून टाकलं.

"माहीत हाय मला. सामान उतरवायलेत तवा चादरीतून चाक दिसायलं होतं. नवऱ्याला 'कपाट म्हना' म्हनलात, ते बी ऐकलं. कपाटाला चाक कुठं असतंय?"

मला धरणी ठाव देईना. "मग काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? मी बी शिवायची ना. गुरुजीच्या बदल्या, गावोगाव किरायाच्या खोल्या. एका गावी हे आनंदच लहान होतं, लय रडायचं. मालकीन दारात उभी राहिली, सारी गल्ली गोळा केली आन् वरडली माझ्यावर. तवापासून त्यानं तोंड उघडलं की मी पदर लावायची त्याच्या तोंडाला. किराया भरून चोरावानी राहिलो बघा. तवाच मी ठरवलं, आपलं घर झालं तर कोनाला असं उभ्यानं बोलायचं न्हाई. आन् तेच लेकरू आता मला म्हंतंय, आवाज करनाऱ्याला काढ." ती हसली, मग एकदम माझ्याकडे वळली. "तुमी काहून चोरावानी राहता?"

मी मशीनवरची गोधडी उगाच सारखी केली.

"मशीन चालली की मला डोळा लागतो. गुरुजी असताना मी शिवायची आन् ते झोपायचे, आता तुमी शिवता आन् मी झोपते. पर तुमी मधीच थांबता. टीव्ही बंद केला की मशीन बंद. थांबली की माझा डोळा उघडलाच. ह्या आठ दिसांत लय झोपले मी. आनंदला तेच सांगितलं ना तवा. म्हनलं, मागच्या बाई गेल्या तर माझी दुपारची झोप गेली. ते मागचं बिऱ्हाड हालायचं न्हाई म्हनलं."

पिंपाखाली चिरडलेलं वाक्य मला असं परत मिळालं. परमुलखात, दुसऱ्याच्या घरात, आपण कुणाची तरी झोप आहोत हे ऐकायला मिळणं ही काही लहान गोष्ट नाही. मी तिच्या पाया पडले. ती म्हणाली, "पडू नका पाया, शिवा." आणि भिंत धरत खाली गेली. त्या दिवसापासून मी बारदान घातलं नाही. परमुलखातलं माझं पहिलं मोकळं शिवण त्या खोलीत झालं आणि त्याचे उपकार मी विसरणार नाही.

पण खरं ते लिहिते. ती जिना उतरत होती तेव्हासुद्धा मी तिच्या रिकाम्या हातांकडेच बघत होते. मंगल होती तिचं भांडण आणि मी होते तिची झोप. झोपेत माणसाला कुणाची आठवण येते? भांडायला मात्र समोर माणूस लागतं. हाका मंगललाच जात राहिल्या. मशीनच्या आवाजातही त्या मला बरोबर ऐकू यायच्या.

पुढे नवऱ्याची बदली धुळ्याला झाली. जायच्या दिवशी सकाळीच टेम्पो दारात लागला. सगळ्यात आधी मशीन गेलं, मग भांड्यांची पोती. मी रिकाम्या खोलीला झाडू मारत होते, आणि खालून हाक आली,

"नंदेऽऽ! वाटी ने गंऽऽ!"

पुढच्या खोलीचं दार सवयीने उघडलं आणि मंगल बाहेर आली. "मला का, माय?"

"तुला न्हाई! नंदीला!"

मंगल दारातच थांबली. मी तिच्या समोरून, झाडू हातात तसाच, धाडधाड जिना उतरले. पाय आपटत. एकही पायरी गाळली नाही.

तीच वाटी, पोचा आलेली. अंबाडीची भाजी, वर लसणाची फोडणी, आणि पदराखाली झाकलेली अर्धी भाकरी. "बस. आधी खा."

मी पहिल्या पायरीवर बसले. घास घेतला. तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुझी तक्रार हाय," गयामाय म्हणाली. "सकाळपासून मशीन ऐकू येईना."

तोंडात घास होता.

खाऊन झाल्यावर वाटी विसळली आणि घोटाळा झाला. रिकामी कशी द्यायची? वर खोलीत गुळाचा खडा राहिला नव्हता, साखरेचा दाणा नव्हता. सगळं पोत्यांत बांधलेलं. मी तशीच वाटी धरून उभी राहिले.

"मग देऊ नको," ती म्हणाली. "भरून आन कवा तरी."

वाटी मांडीवर घेऊन मी टेम्पोत पुढे बसले. मंगल कठड्यावरून हात हलवत होती आणि मला एकदाच, पहिल्यांदाच, तिच्याकडे बघून गोड वाटलं. वाटी आता माझ्याकडे आहे, करा किती दंगा करायचा तो!

टेम्पो गल्लीच्या वळणावर पोहोचला आणि मागे वर काहीतरी धाडकन पडलं. मी मान बाहेर काढून बघितलं. गयामाय पहिल्या पायरीवर उभी होती, तोंड वर, दोऱ्याचा चष्मा कपाळावर. "मंगऽऽले," हाक लांबत चालली होती. तिच्या हातात उन्हाने पितळ चमकलं. काठ सरळ होता, पोचा नव्हता.

मी समजत होते, वाटी एकच आहे.